'रेप्रोला सॉर्ट लागतच नाही' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मेनफ्रेमवर, म्हणजे आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर, व्हीसॅम पद्धतीच्या फाइलमध्ये रेप्रो या कमांडने रेकॉर्ड कसे भरायचे, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर "रेप्रोला सॉर्ट लागतच नाही, रेकॉर्ड कुठल्याही क्रमाने द्या. एररलिमिटचा तर लेखात पत्ताच नाही. उदाहरणं जुनाट. नवशिक्यांची दिशाभूल करण्याआधी जरा अभ्यास करावा." ही तुमची प्रतिक्रिया. मतभेदाचं मला वावडं नाही. पण 'जरा अभ्यास करावा' असं निनावी खरडून निघून जायचं, ही कुठली रीत? माझी उमेदीची वर्षं बॅच सपोर्टच्या रात्रपाळीत गेली आहेत. तुम्ही कुठे होतात, ते विचारत नाही.

एक मान्य, एररलिमिट राहिलं. रेप्रोची सहनशक्ती मुळात चार चुकांची, ती या पॅरामीटरने वाढवता येते. झालं समाधान? पण मर्यादा वाढवली म्हणून नाकारलेलं रेकॉर्ड आत जात नाही हो! ते बाहेरच राहतं, जॉब तेवढा पुढे रेटला जातो.

आता सॉर्ट. लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की डिफाइन क्लस्टर (फाइल तयार करण्याची कमांड) करून नुकताच तयार केलेला, म्हणजे रिकामा, केएसडीएस (कीच्या क्रमाने रेकॉर्ड ठेवणारी व्हीसॅम फाइल; की म्हणजे रेकॉर्ड ओळखण्याची खूण) भरायचा आहे. तिथे की चढत्या क्रमानेच लागतात. क्रम चुकला की सिसप्रिंटमध्ये (जॉबचे संदेश छापले जातात त्या यादीत) आयडीसी३३१४आय, आउट ऑफ सीक्वेन्स. तुम्ही म्हणता ते चालतं, पण आधीच रेकॉर्ड असलेल्या फाइलवर. तिथे रेप्रो की बघून प्रत्येक रेकॉर्ड मधेच घुसवतो आणि जागा संपली की कंट्रोल इंटरव्हल (फाइलमधला रेकॉर्डांचा ठोकळा) फोडत बसतो. हा फरक लेखात होता. वाचायचे कष्ट घ्यायला हवे होते, एवढंच.

'लागतच नाही' म्हणणाऱ्यांचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका क्लायंटकडे युनिक्सवरून मास्टर फाइल यायची. पाठवणारे छातीठोकपणे सांगायचे, "सॉर्ट करूनच दिलीय." खोटं नव्हतं ते. आस्कीत, म्हणजे युनिक्सच्या अक्षरसंकेतात, आकडे आधी, अक्षरं नंतर. मेनफ्रेमच्या एब्सिडिक या अक्षरसंकेतात बरोब्बर उलटं. त्यामुळे १ ते ९ ने सुरू होणाऱ्या की गुपचूप आत गेल्या आणि पहिली 'ए' ची की आली तशी बोंब सुरू झाली. चार चुका, रेप्रो बंद. अक्षराने सुरू होणारा एकही ग्राहक फाइलमध्ये नाही, आणि सकाळी ऑनलाइन उघडायची वेळ झालेली. त्या दिवशी तुमचं एररलिमिट लाखावर नेलं असतं तरी अक्षरवाले बाहेरच राहिले असते, वर सिसप्रिंट मात्र मैलभर लांब झालं असतं. रेप्रोच्या आधी मेनफ्रेमवरच सॉर्टची एक स्टेप टाकली, कीचे आठ बाइट, सीएच (अक्षरं म्हणून तुलना), चढता क्रम, आणि क्लस्टर डिलीट-डिफाइन करून पुन्हा भरला. तेव्हापासून दुसऱ्याच्या सॉर्टवर मी विश्वास ठेवत नाही. याला तुम्ही अज्ञान म्हणा, हट्ट म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

उदाहरणं जुनाट? व्हीसॅमच १९७० च्या दशकातलं आहे राव, त्यात नवं काय आणू? बाकी मुद्द्यांना उत्तर देण्यात अर्थ नाही.

एक करा. रिकामा केएसडीएस घ्या, उलट्या क्रमातली दहा रेकॉर्डं रेप्रोने भरा आणि सिसप्रिंट इथे चिकटवा. या वेळी नावासकट.