काहीच न घडल्याचे बिल

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत खर्चाचा एक जुना नियम आहे : जे डोळ्यांना दिसते, हाताला लागते आणि उचलताना जड वाटते, त्याचेच पैसे द्यायचे. पिग आयर्न जड असते, कोक जड असतो, मोल्डिंगची वाळू तर ट्रकनेच येते. या सगळ्याच्या बिलांवर आमचे मालक, ज्यांना सारा कारखाना अण्णा म्हणतो, फारशी कुरकुर न करता सही करतात. आमच्या संगणकांची दुरून देखभाल करणाऱ्या कंपनीचे मासिक बिल मात्र या नियमात कुठेच बसत नाही. "या महिन्यात काय काय बिघडलं?" असे अण्णा विचारतात, मी "काही नाही" असे सांगतो, आणि "मग पैसे कशाचे ओ?" हा त्यांचा प्रश्न लेखापाल या नात्याने माझ्या टेबलावर येऊन पडतो.

पूर्वीची व्यवस्था अण्णांना मनापासून पटलेली होती. संगणक बंद पडला की शहापुरातल्या एका मुलाला फोन करायचा. तो मोटरसायकलवरून यायचा, चहा घ्यायचा, संगणकाचे झाकण उघडून आत फुंकर मारायचा आणि "फॉरमॅट मारूया की" एवढा एकच उपाय प्रत्येक रोगावर सांगायचा. माणूस दिसला, घाम दिसला, पैसे दिले. आपला संगणक जितका जास्त बिघडेल तितके त्या मुलाचे बरे चालेल, ही या व्यवहारातली गोम हिशेबाच्या वहीत कुठेच उमटत नव्हती. नव्या कंपनीचा हिशेब नेमका उलटा आहे. दर संगणकामागे महिन्याला ठरावीक रक्कम मिळत असल्यामुळे बिघाड जितके जास्त होतील तितका तिचा माणूस आमच्यावर खर्ची पडतो, म्हणून बिघाड होऊच नये यात तिचा स्वार्थ असतो. हे मी अण्णांना समजावून सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले, "म्हणजे काम नाही केलं की त्यांचा फायदा. होय की नाही?"

खरे तर या कंपनीला आमच्या दारात आणले ते सरकारी नियमांनी. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून क्रमांक घेतलेले बिल, सक्तीचे झाले, आणि पन्नास हजारांहून अधिक किमतीच्या मालाच्या वाहतुकीला ई-वे बिल तर त्याआधीपासूनच लागत होते. कोल्हापूर आमच्यासाठी सासुरवाडीइतके जवळचे असले, तरी सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे गेलेला माल परराज्यात गेलेला असतो. पूर्वी संगणक रुसला तर हाताने चलन लिहून टेंपो सोडता येत असे. आता पोर्टलकडून क्रमांक मिळेपर्यंत भरलेला टेंपो फाटकात उभा राहतो, ड्रायव्हर त्याच्या सावलीत झोपतो आणि कोल्हापूरचे गिऱ्हाईक दर दहा मिनिटांनी मला फोन करते.

करार झाला त्या दिवशी अण्णांनी एकच कलम दोनदा वाचून घेतले : गंभीर बिघाडाला पंधरा मिनिटांत प्रतिसाद. त्यांनी त्याचा अर्थ पंधरा मिनिटांत दुरुस्ती असा धरला. प्रतिसाद म्हणजे "तुमची तक्रार वाचली, तिचा क्रमांक अमुक" असे कोणीतरी कळवणे, आणि दुरुस्तीची मुदत त्याच्या खालच्या ओळीत वेगळी लिहिलेली असते, हे त्यांना पहिल्याच महिन्यात उमगले. त्यानंतर तक्रारींच्या श्रेणी आल्या. सर्व्हर बंद पडणे ही पहिली श्रेणी, एका माणसाचा प्रिंटर अडणे ही तिसरी. अण्णांनी तोंडी हुकूम काढला की आपल्या कारखान्यातली प्रत्येक गोष्ट पहिल्या श्रेणीची आहे. त्यानुसार केबिनमधला एसी गार हवा देत नसल्याची तक्रारही पहिल्या श्रेणीत नोंदवली गेली आणि पंधरा मिनिटांच्या आत, अत्यंत नम्र भाषेत, तिला प्रतिसादही आला.

स्टोअरकीपर मामांची अडचण निराळी होती. त्यांनी हेल्पडेस्कला फोन लावून "कंप्युटर होगैत्री", म्हणजे कंप्युटर गेला, असे जाहीर केले, पलीकडच्या हुबळीच्या मुलाने कन्नडमधूनच धीर दिला, आणि काही क्षणांत पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. मामांनी माउसवरचा हात काढून तो मांडीवर ठेवला आणि बाण तरीही फिरतोच आहे हे पाहून खुर्ची मागे सरकवली. दुरून संगणकाचा ताबा घेण्याआधी परवानगी मागितली जाते आणि मामांनीच ती दिली होती. पण पडद्यावर आलेल्या प्रत्येक चौकटीला 'होय' म्हणण्याची सवय असलेल्या माणसाला आपण काय दिले याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. आता ते फिरणाऱ्या बाणाला "सावकाश हं" असे सांगतात.

बॅकअपचा अध्याय मात्र अण्णांच्या अभिमानाचा होता. टॅलीचा सारा हिशेब ते एका पेनड्राइव्हवर घेऊन टिळकवाडीच्या घरी देव्हाऱ्यात ठेवत असत. माहितीच्या तीन प्रती हव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर हव्यात आणि त्यांतली एक तरी दुसऱ्या जागी हवी, हा या धंद्यातला प्रचलित नियम कंपनीच्या इंजिनिअरने सांगितला, तेव्हा दुसरी जागा आपण आधीच शोधून ठेवल्याचे समाधान अण्णांच्या चेहऱ्यावर दिसले. इंजिनिअर चिकट होता. परत उतरवून पाहिल्याशिवाय बॅकअपला बॅकअप म्हणायचे नसते, असे म्हणून त्याने देव्हाऱ्यातला पेनड्राइव्ह मागवला आणि सर्वांसमक्ष उघडला. आत अण्णांच्या पुतणीच्या हळदीचे फोटो होते. हिशेबाची एकही फाइल नव्हती. अण्णांनी दोन-तीन फोटो पाहिले, "कार्य छान झालं होतं" असे म्हटले आणि बॅकअपचे कलम करारात घालायला संमती दिली.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार अण्णांनी सणासारखा साजरा केला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देण्याची पाळी आली. आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नसल्यामुळे टेंपो वेळेवर सुटला. "बघा," अण्णा म्हणाले, "ज्यांनी पैसे मोजले तेच अडकले." यावर मी इंजिनिअरलाच फोन जोडून दिला. त्याने शांतपणे सांगितले की निळा पडलेला संगणक नीट सुरूच होत नसल्याने तिथे दुरून हात पोहोचत नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे संगणक जेमतेम गरजेपुरता सुरू करून, ती सदोष फाइल हाताने काढावी लागते, आणि असे शेकडो संगणक असले तर त्यांच्यापर्यंत चालत जाणारी माणसे लागतात. आपल्या करारात प्रत्यक्ष भेटीचे कलम त्यासाठीच आहे. अण्णांना यातले एकच वाक्य आवडले : शेवटी माणूसच लागतो. शहापुरातल्या त्या मुलाची त्यांनी त्या दिवशी फार आठवण काढली.

या वर्षी कराराच्या नूतनीकरणाला कंपनीचा प्रतिनिधी आला, तेव्हा अण्णा तयारीत बसले होते. सर्व्हर वर्षातला ९९.९ टक्के वेळ चालू राहील, या कलमावर त्यांनी बोट ठेवले आणि उरलेल्या एक दशांश टक्क्याचे काय, असे विचारले. हिशेब मी केला. वर्षाचे ८,७६० तास. त्यांतले जवळजवळ पावणेनऊ तास बंद राहण्याची कंपनीला मुभा. "मग ते पावणेनऊ तास आमच्या सोयीनं बंद ठेवा की," अण्णा म्हणाले. "अनंत चतुर्दशीला बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, कारखान्यात कुत्रं नसतं. काय बंद ठेवायचं ते त्या रात्री ठेवा. एरवी एक मिनिट चालणार नाही."

प्रतिनिधीने क्षणभरही विचार न करता हे मान्य केले आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री नियोजित देखभाल, अशी ओळ तिथल्या तिथे लिहून दिली. नियोजित देखभालीचा वेळ त्या पावणेनऊ तासांत धरला जात नाही, असे पुढच्याच पानावर बारीक अक्षरात छापलेले होते. दरात दमडीही कमी झाली नाही, अण्णांनी मात्र प्रतिनिधीला अर्धा किलो कुंदा बांधून दिला आणि तो फाटकाबाहेर पडल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "कसा गुंडाळला बघितलासा न्हवं?" मी कुंद्याचे बिल कोणत्या खात्यात टाकायचे, एवढेच विचारले.