कॉबी मेनूला खेळवा
तुमच्या लेखात मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या घसरणीवर उपाय म्हणून पुन्हा महागड्या खरेदीचाच सूर आहे, तो पटला नाही. 2024-25 मध्ये प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल स्पर्धेत 15वा नंबर, वर बिल्बाओला झालेल्या युरोपा लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या फायनलमध्ये टॉटनहॅमकडून हार. फार जिव्हारी लागलं. पण त्याच मोसमातली युरोपा लीगचीच फ्रान्सच्या ल्यॉनविरुद्धची मॅच आठवा. 120वं मिनिट, बॉक्समध्ये तोबा गर्दी, आणि मधल्या फळीतल्या कॉबी मेनूनं जराही घाई न करता बॉल आत घेऊन लांबच्या कोपऱ्यात वळवला. 4-4! लगेच आपल्या मॅग्वायरचं हेडर, मॅच आपली. मेनू हा पोरगा आपल्याच क्लबच्या युवा अकादमीतला. 1937 पासून प्रत्येक मॅचच्या संघात अकादमीचा किमान एक खेळाडू असतोच. अशा क्लबनं अकादमीतल्याच गार्नाचोला प्रतिस्पर्धी चेल्सीला विकावं? निदान मेनूला तरी बेंचवर कुजवू नका. मधल्या फळीत सलग 10 मॅच खेळवा, मग बोलू.