ओपन हाऊसला निघालात? जरा थांबा

शनिवारी शाळेने पेपर दाखवायला बोलावलंय ना, मग असे हात हलवत जाऊ नका, तयारीने जा. पोरगं तिसरीत असलं म्हणून काय झालं, आयआयटी काय त्याच्यासाठी थांबून राहणारे का.

गेल्या गेल्या पोराचे मार्क अजिबात बघायचे नाहीत. आधी विचारायचं, "मॅम, हायेस्ट किती?" मग आपल्याला २० पैकी १९ आहेत हे कळलं की तो एक कुठे सांडला ते शोधायचं. समजा ईव्हीएसच्या पेपरात "बेडूक कुठे राहतो" याला पोराने "पाण्यात आणि आमच्या गच्चीवर" असं लिहिलंय आणि मॅमनी गच्चीचा अर्धा कापलाय, तर मागे पंधरा पालक लाईनीत ताटकळत असले तरी त्या अर्ध्यावर निदान वीस मिनिटं भांडायचंच, कारण दीड लाख फी काय बेडकासाठी भरतो का आपण. उरलेला अर्धा स्पेलिंगचा असतो, तो घरी वसूल करायचा. निघताना शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या पेपराचा फोटो काढायला विसरू नका, रात्री तो झूम करून अक्षर किती सुंदर आहे ते पोराला दाखवता येतं.

काहीजण घाबरवतील, की कायदा आहे वगैरे. आहे ना, २००९ चा शिक्षण हक्क कायदा, त्यातल्या कलम १७ प्रमाणे मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे. पण ती शाळेत! घरी येताना गाडीत काय करायचं याबद्दल त्या कलमात चकार शब्द नाही, त्यामुळे काचा वर घ्या, एसी लावा आणि सिग्नलपासून सोसायटीच्या गेटपर्यंत काही न बोलता नुसते सुस्कारे टाकत राहा. ओरडण्यापेक्षा ते जास्त लागतं, करून बघा. आणि हो, आयसीएसईवाल्या बोर्डाने २०२४ पासून मेरिट लिस्ट बंद केली म्हणून हुरळून जाऊ नका, आपल्या बी विंगची लिस्ट चालूच आहे आणि ती लिफ्टमध्ये लागते.

आता सगळ्यात मोठा धोका म्हणजे आजी. अबॅकस, फोनिक्स, ऑलिम्पियाड, आठवीपासूनचं फाउंडेशन, सगळं टाईमटेबल तुम्ही फ्रिजवर मॅग्नेटने लावाल आणि ही बाई एका वाक्यात त्याची वाट लावेल. मागच्या वेळी आमच्याकडे सगळे तोंडं पाडून जेवत होते आणि आई पोराला भात वाढता वाढता म्हणाली, "खा रे बाळा, तुझ्या बापाला दहावीला बीजगणितात पस्तीस होते, ते पण ग्रेस देऊन." पोराने लगेच विचारलं, "आजी, हायेस्ट किती होते?"

तेव्हा आपली मार्कशीट माळ्यावर ठेवू नका. बँकेच्या लॉकरमध्ये टाका.