बहुमताची कचोरी

आपल्या लहानपणाचे मालक आपणच, असं माणसाला साधारण पन्नाशीपर्यंत वाटत असतं. मग शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो आणि कळतं, की त्याची रजिस्ट्री कधीच चाळीस जणांच्या नावावर झालेली आहे.

आमच्या ग्रुपचं नाव 'सुनहरे पल 1986'. शाळा इंदूरची, मराठी माध्यमाची. मुलं रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर इथली. तरी नाव हिंदीत, कारण इंदूरच्या मराठी माणसाला गहिवरून आलं की तो हिंदीत जातो. भांडतानाही हिंदीतच जातो, त्यामुळे बाहेरच्या माणसाला आमचं प्रेम चाललंय की भांडण, ते कळत नाही. शाळेचं नाव सांगत नाही. पुढे जे येणार आहे ते वाचून तुम्हीही सांगितलं नसतं.

ग्रुप काढला मॉनिटरनं. नववीत बोलणाऱ्या मुलांची नावं फळ्यावर लिहायचा, तोच हा. मधली तीसेक वर्षं तो बँकेत होता. व्हीआरएस घेतल्यावर, कोणाचंच नाव कुठेच लिहिता येत नाही म्हणून त्याची फार कुचंबणा होत होती. ॲडमिन झाल्यापासून तब्येत सुधारली आहे. ग्रुपला नियम आहेत. राजकारण नको, दुपारी दोन ते चार मेसेज नको, श्रद्धांजली एकदाच. एकाच माणसाला दोनदा श्रद्धांजली वाहणाऱ्याला समज मिळते.

मुलींना ग्रुपमध्ये घेतलं तेव्हा वेगळाच पेच पडला. सहा वर्षं एका वर्गात बसून आम्ही त्यांच्याशी एकच वाक्य बोललो होतो: 'बाईंनी वह्या मागितल्यात.' आता त्यांच्यातल्या दोघी आज्या झाल्या आहेत. 'तू' म्हणायला जीभ रेटेना, 'तुम्ही' म्हटलं तर त्या आणखीच म्हाताऱ्या व्हायला लागल्या. शेवटी सगळे गपचूप 'आप'वर आले. हिंदी अशी वेळेला उपयोगी पडते.

इथवर सगळं ठीक होतं. मग आठवणी सुरू झाल्या.

पहिली निघाली ती मॅचची. 1 डिसेंबर 1983 ला नेहरू स्टेडियमवर भारत आणि वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना झाला होता. सहाच महिन्यांपूर्वी आपण त्यांनाच हरवून वर्ल्ड कप आणलेला, त्यामुळे इंदुरात लग्नघराचं वातावरण. बंड्यानं लिहिलं, 'अपन गेलो होतो यार, शाळेला दांडी मारून!' त्यावर दुसरा म्हणाला मीपण, तिसरा म्हणाला मी तर पॅव्हेलियनजवळ होतो, आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ अख्खा वर्ग स्टेडियममध्ये जाऊन बसला. तो दिवस गुरुवार होता. मी शाळेत होतो. या हिशेबानं सरांनी त्या दिवशी बीजगणित मला एकट्यालाच शिकवलं असणार. तसं असतं तर ते मला आलं असतं.

तेही मी चालवून घेतलं. पण मग बंड्या म्हणाला, 'काय जिंकलो होतो भिया आपण!'

आता, आपण तो सामना हरलो होतो. तोच नव्हे, त्या मालिकेतले पाचही. वर्ल्ड कपचा राग वेस्ट इंडीजनं इथे येऊन 5-0 असा काढला होता. मी अगदी सौम्य भाषेत तसं लिहिलं आणि खाली स्कोअरकार्ड लावलं. बंड्याचं उत्तर आलं, 'हे इंटरनेटवरचं आहे. मी डोळ्यांनी बघितलंय.' हा बंड्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी रोज सकाळी मेथ्यांचा नवा उपाय इंटरनेटवरूनच आणतो.

वाद वाढला तसा मॉनिटर आला. त्यानं पोल टाकला. '1983 ची मॅच कोण जिंकलं?' भारत, 23 मतं. वेस्ट इंडीज, 1. मॉनिटरनं 'विषय बंद' असं लिहिलं आणि ते एक मत कोणाचं, याची ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली. पोलमध्ये नाव दिसतं, तरीही झाली.

त्या दिवशी मला ग्रुपची घटना कळली. इथे आठवण खरी की खोटी हा प्रश्नच नसतो, ती किती जणांना आहे एवढंच बघतात. अपवाद एकच घडला. कोणीतरी 1984 च्या दंगलीत राजवाडा जळला त्याबद्दल लिहिलं. त्या रात्रीचं आकाश, गच्चीवर उभे असलेले शेजारी, घराघरातून मोठ्यांचे दबलेले आवाज, हे सगळ्यांनी थोडं थोडं लिहिलं आणि सगळ्यांचं जुळत गेलं. त्यावर पोल कोणी टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू. 'आपला कचोरी कुठाय रे?' बंड्यानं विचारलं. 'बोलत नाही काही?'

'कोण कचोरी?' मी लिहिलं.

'अबे, तूच!'

आता हे नीट सांगायला पाहिजे. आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर कचोरीची हातगाडी असायची. नववीत एकदा मधल्या सुट्टीत पैज लागली आणि एका मुलानं लागोपाठ 7 कचोऱ्या खाल्ल्या. त्या मुलाचं नाव पप्पू. वडील वीज मंडळात होते, त्यांची बदली झाली आणि नववीनंतर पप्पू भोपाळला गेला. पैजेच्या वेळी मी शेजारी द्रोण धरून उभा होतो आणि मोजत होतो. माझं अक्षर आणि मोजणी चांगली म्हणून मला घेतलं होतं. मी स्वतः त्या काळात दोन पोळ्यांवर ढेकर देणारा मुलगा होतो. माझ्या अंगाला काही लागावं म्हणून आईनं अन्नपूर्णेला नवस केला होता. (तो फार उशिरा फळला. आता डॉक्टर तो उतरवायच्या मागे आहेत.)

पप्पू भोपाळला गेला, पण कचोऱ्या वर्गातच राहिल्या. कोणाच्या तरी नावावर त्या टाकायला हव्या होत्या. मी त्या चित्रात अगदी जवळ उभा होतो.

मी सविस्तर खुलासा लिहिला. मुद्देसूद, तारखेचा अंदाज, पैजेची रक्कम, द्रोणाची बाजू, सगळं. त्यावर हसण्याच्या सतरा बाहुल्या आल्या. एक जण म्हणाला 11 खाल्ल्यास तू. दुसरा म्हणाला 11 नाही, 21, चटणीसकट. कचोरी तेव्हा चार आण्याला होती की आठ आण्याला, यावर मात्र कडाक्याचं भांडण झालं. खाणारा कोण, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. न्यू जर्सीवाली, जिनं सहा वर्षांत एकदाही मान वर करून मुलांकडे पाहिलं नव्हतं, ती म्हणाली, 'मुझे याद है, आपको उचकी लगी थी.'

मी बायकोला वाचून दाखवलं. ती दुसऱ्या शाळेतली, म्हणजे तटस्थ. तिनं सगळं ऐकून घेतलं, माझ्या शर्टाच्या शेवटच्या दोन गुंड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, 'तरीच.'

डिसेंबरात संमेलन ठरलं. तपशिलात शिरत नाही, अशी संमेलनं सगळीकडे सारखीच होतात. सकाळी पोहे-जलेबी, वर शेव आणि जीरावन. मग दीपप्रज्वलन. मग प्रत्येकानं उठून आपला मुलगा कुठल्या कंपनीत आहे ते सांगायचं आणि त्याला स्वतःचा परिचय म्हणायचं. मॉनिटरनं गळ्यात घालायला लॅमिनेट केलेली ओळखपत्रं छापली होती. माझ्या नावाखाली अवतरणचिन्हात 'कचोरी'. मी ते उलटं करून घातलं, तर मागच्या बाजूलाही तेच छापलेलं. बँकेतली माणसं कुठलाच कागद कोरा सोडत नाहीत.

गणिताच्या सरांना आणलं होतं. सरांची पंच्याऐंशी उलटलेली, पण काठी आणि आवाज दोन्ही ताठ. आम्ही रांगेनं पाया पडलो. सर एकेकाला निरखून बघत होते आणि बऱ्याच जणांना त्यांच्या मोठ्या भावांच्या नावानं हाक मारत होते. माझी पाळी आली तशी बंड्यानं मागून आवाज दिला, 'सर, ओळखलं का? कचोरी!' सरांनी माझा हात हातात धरला, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, 'नाही रे. याची वही फार स्वच्छ असायची. समास सोडून लिहायचा.'

माझ्या घशाशी काहीतरी आलं. अख्ख्या दिवसात हे पहिलं खरं वाक्य होतं. मी वळून सगळ्यांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मॉनिटर हलक्या आवाजात शेजाऱ्याला म्हणाला, 'सरांचं आता वय झालं.'

रात्री सराफा. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, इथे दिवसा सोन्याचांदीची दुकानं चालतात आणि रात्री त्यांची शटर पडली की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात, ती पार मध्यरात्र उलटेपर्यंत. भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याचे पॅटीस, साबुदाण्याची खिचडी, ताटभर आकाराचा जलेबा, आणि थंडी असल्यामुळे तळलेले गराडू. गर्दी इतकी, की पुढच्याच्या द्रोणातलं मागच्याच्या तोंडात जावं. एवढं खाऊनही रस्त्यावर कागद दिसणार नाही. 2017 पासून शहर स्वच्छतेत पहिलं येतंय, तेव्हापासून इंदुरी माणूस रिकामा द्रोण हातात धरून कचरापेटीच्या शोधात अर्धा सराफा पालथा घालतो.

वर्गानं मला मध्ये घेतलं आणि कचोरीच्या कढईसमोर उभं केलं. आलूची कचोरी. मी ट्रायग्लिसराइडचा आकडा सांगितला. तो त्यांना पुरेसा वाटला नाही. 'माझा आणखी जास्त आहे,' असं तिघं एकदम अभिमानानं म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून पप्पू आला.

तो येणार असल्याचं मला ठाऊक नव्हतं. भोपाळहून स्वतः गाडी चालवत आला होता, बायकोला घेऊन. वाळून अगदी काटकुळा झालेला, चेहऱ्यावर योगाभ्यासाचं तेज. मी गर्दी फोडून त्याला मिठी मारली. साक्षीदार मिळाल्यावर आरोपीला होतो तो आनंद मला झाला होता. 'पप्पू,' मी म्हणालो, 'सांग यांना. सगळ्यांसमोर सांग. पैज कोणी लावली होती? कचोऱ्या कोणी खाल्ल्या होत्या?'

पप्पूनं माझ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. वहिनींच्या हातात घरून आणलेली मखान्यांची डबी होती.

'अरे, विसरीन का?' पप्पू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. 'तूच तर खाल्ल्यास. मी द्रोण धरून उभा होतो, मोजत.'

टाळ्या पडल्या. मी पप्पूच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला, पण तो कढईकडे बघत होता. तळणाऱ्याच्या झाऱ्याबरोबर त्याची मान वरखाली होत होती. त्याला मनापासून तसं आठवत होतं की मखान्यांच्या धाकानं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढं मात्र खरं, की द्रोण त्यानंच धरला.

मी चार खाल्ल्या. पाचवी अर्धी. पहिल्या दोन उत्तम होत्या हे कबूल केलं पाहिजे. तिसरीला आमचा वर्ग आकडा ओरडायला लागला, चौथीला अनोळखी माणसंही ओरडायला लागली, आणि जबलपूरहून आलेल्या एका कुटुंबानं मधोमध त्यांचं बाळ ठेवून माझ्याबरोबर फोटो काढला. अर्धी कचोरी उरली ती पप्पूनं 'वाया नको जायला' म्हणून वहिनींची पाठ वळलेली असताना तोंडात टाकली. एका घासात. न चावता. अगदी नववीतल्यासारखी. ते एकट्या मीच पाहिलं, म्हणजे ग्रुपच्या नियमानुसार ते घडलंच नाही.

रात्र कशी गेली ते डॉक्टरांना सांगेन. सकाळी ओव्याचं पाणी पीत फोन उघडला तर व्हिडिओ आलेला, खाली मॉनिटरची नोंद: 'एकूण 9. वयोमानाप्रमाणे समाधानकारक.'

त्याखाली बंड्याचा नवा मेसेज होता. 'तो प्रयोगशाळेतल्या सांगाड्याला हेडसरांची टोपी कोणी घातली होती रे? कधी सापडलाच नाही यार.'

सांगाड्याचं प्रकरण शेवटच्या वर्षाचं. तेव्हा पप्पूला भोपाळला जाऊन चांगली दोन वर्षं झाली होती.

मी लिहिलं, 'पप्पू.'

मिनिटभर शांतता. मग बंड्या: 'अरे हो! पप्पूच! मी डोळ्यांनी बघितलंय!' मग आणखी दोघं. मग एकीनं लिहिलं की टोपी घालताना तो खिडकीतून हसत होता. मॉनिटरनं पोल टाकला.

पप्पू सकाळीच निघालाय, गाडी चालवतोय. आष्ट्याला चहाला थांबेल तेव्हा फोन बघेल. आत्तापर्यंत 17 मतं पडली आहेत, आणि न्यू जर्सीवालीचं मत अजून यायचंय.