२५ मिलिमीटरचा घोळ

शर्टाच्या खिशात दोन बोटं घालून, न बघता नेमका एक रुपया बाहेर काढणं ही एके काळी कोणालाही जमणारी गोष्ट होती. आता त्यासाठी चष्मा लागतो, उजेड लागतो आणि आपल्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाची सहनशक्ती लागते. लोक म्हणतात, वय झालं. वय झालंच आहे, पण घोळ नाण्यांनी घातलाय.

आमच्या लहानपणी पाच पैसे चौकोनी होते. दहा पैशांची कड नागमोडी. वीस पैसे षटकोनी. अ‍ॅल्युमिनियमची ती नाणी पंख्याच्या वाऱ्यानं उडतील इतकी हलकी, पण दिवे गेलेले असतानाही चाचपून हिशेब चोख लागायचा. पुढे दोन रुपयांचं नाणं आलं, त्याला ११ कोन होते. अकराच का, बारा का नाहीत, असं कोणी विचारलं नाही. बोटाला कोपरा लागला की दोन रुपये, विषय संपला. १९८८ सालापासून स्टीलच्या चाराण्यावर तर गेंडा होता. एवढं अवाढव्य जनावर एवढ्याशा नाण्यावर बसवणाऱ्याचं मला आजही कौतुक वाटतं. जून २०११ संपला आणि गेंडाही चलनातून गेला.

मधल्या काळात कोणाला तरी वाटलं, कोपरे नकोत. दोन रुपये गोल झाले, स्टीलचे झाले. रुपया २५ मिलिमीटर, दोन रुपये २७. दोन मिलिमीटर म्हणजे नक्की किती, हे ज्याला बघायचं असेल त्यानं संध्याकाळच्या बसमध्ये एका हातानं दांडी धरून दुसरा हात खिशात घालावा. डोळ्यांनी दिसत नाही त्यांचे किती हाल झाले असतील, ते वेगळं सांगायला नको.

मग २००७ च्या सुमारास हस्तमुद्रांची नाणी आली, आणि मला वाटलं, आता सुटलो. रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. अडाणी माणसालाही कळेल असा हिशेब. अर्ध्या रुपयासाठी अर्धं बोट कसं दाखवायचं हा प्रश्न होता, तर आठाण्यावर चक्क बंद मूठ काढली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते आठाण्याला इतकं शोभून दिसेल असं वाटलं नव्हतं. पण आपल्याकडे एखादी गोष्ट लोकांच्या अंगवळणी पडली की ती बदलायची वेळ झालेली असते.

जुलै २०१० मध्ये रुपयाला स्वतःचं चिन्ह मिळालं. ते मिरवायला २०११ साली नवी नाणी निघाली, आणि खरी गंमत इथून सुरू झाली. रुपया २५ वरून २२ मिलिमीटरवर आला. दोन रुपये २७ वरून २५ वर आले. म्हणजे नवे दोन रुपये मापानं हुबेहूब जुन्या रुपयाएवढे. वजनही तेच, ४.८५ ग्रॅम. आणि नवा रुपया? तो जुन्या आठाण्याएवढा. घरोघरी थोरल्याचे कपडे धाकट्याला येतात, इथे धाकट्याचे उतरवून थोरल्याला चढवले. बरं, जुनी नाणी परत घेतली म्हणावं तर तेही नाही. सगळी चालू, सगळी एकाच खिशात.

"अहो, मग आकडा बघा ना," असं आमच्या घरातून सुचवलं जातं. आकडा बघायला नाणं उलटावं लागतं, आणि खिशातून नाणं निघतं ते हमखास सिंह वर करून. सिंहांच्या चेहऱ्यावरून किंमत कळत नाही. उलटून डोळ्यांजवळ धरलं की आधी दिसतं साल, आणि सालाखाली मोहरीच्या दाण्याहून लहान अशी एक खूण. चौकट असली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, तारा असला तर हैदराबादचं, ठिपका असला तर नोएडाचं, काहीच नसलं तर कोलकात्याचं. इतकी सगळी माहिती मिळेपर्यंत भाजीवाल्या मावशींनी पुढच्या दोन गिऱ्हाइकांना मेथी विकलेली असते. त्या स्वतः मात्र गल्ल्यात न बघता हात घालतात आणि बरोबर तेवढीच चिल्लर काढतात. कसं, ते सांगत नाहीत.

२०१९ साली पुन्हा नवी मालिका जाहीर झाली. किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढेल, म्हणजे दृष्टिहीनांना ओळखणं सोपं जाईल, असा त्यामागचा विचार. विचार उत्तमच आहे. रुपया २० मिलिमीटर, दोन रुपये २३, आणि पाच रुपये किती? २५! हे २५ मिलिमीटर एकदा रुपया होते, मग दोन रुपये झाले, आता पाच. मला उभ्या नोकरीत इतक्या बढत्या मिळाल्या नाहीत. पाचाचं नाणं निदान पिवळं आहे, एवढीच दया. वीस रुपयांच्या नाण्याला मात्र कोपरे परत आले. या खेपेला बारा.

आठाणे कायद्यानं अजूनही चालतात बरं का, दहा रुपयांच्या रकमेपर्यंत. कोणी एकरकमी वीस आठाणे घेऊन दाखवले तर मी त्याचा सत्कार करायला तयार आहे.

दहा रुपयांच्या नाण्याची तर तऱ्हाच न्यारी. मध्ये पांढरं, भोवती पिवळं, आणि कडेला किरणं. काहींवर १०, काहींवर १५. पंधरा किरणांचं नाणं खोटं, अशी आवई उठली. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दहाच्या नाण्याच्या सगळ्या १४ नक्षी खऱ्या आहेत. शंका फेडायला १४४४० हा फोन नंबरसुद्धा दिला.

आमच्या बसच्या कंडक्टरनं तो फिरवला नसावा. त्यानं माझं नाणं खिडकीच्या उजेडात धरलं आणि शांतपणे किरणं मोजली.

"पंधरा आहेत, काका. चालणार नाही."

"रिझर्व्ह बँक म्हणते चालतं."

"मग रिझर्व्ह बँकेच्या गाडीनं जा."

मी मुकाट्यानं पन्नासाची नोट दिली. तिकिटासोबत सुट्टे हातावर पडले, त्यात दहाचं एक नाणं होतं. आता मी मोजली. पंधरा.

"आणि हे हो?"

"ते चालतं," तो पुढच्या सीटकडे सरकत म्हणाला. "ते आमच्याकडचं आहे."