नारळ घरचे, गुडघा माझा

साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धं पीठ म्हणजे वणीची सप्तशृंगी. बाकीची तीन पूर्ण पीठं नाशिकहून लांब, अर्धं मात्र साठेक किलोमीटरवर. नवसही फेडायचा आणि महिनाअखेरही निभवायची, अशा माणसासाठी देवीनेच केलेली ही सोय आहे, असं मी घरात बोलून दाखवलं. आई म्हणाली, "तिला अर्धी म्हणू नकोस. अठरा हात आहेत तिला. त्यातला एक जरी उचलला ना..." मी तिकिटांचा विषय काढला.

पण पहिला खर्च तिकिटाचा नव्हताच, साडीचा होता. मूर्ती आठ-नऊ फुटांची. तिला साडी लागते अकरा वार आणि चोळीला तीन खण. नऊवारीत भागेल का, असं मी दुकानात हळूच विचारलं, तर आईपेक्षा दुकानदारच जास्त दुखावला. तीन खणांत अठरा हातांची चोळी बसवणाऱ्याचं मात्र मला मनापासून कौतुक आहे. आमच्या गल्लीतला शिंपी दोन हातांच्या ब्लाउजला मीटरभर कापड मागतो आणि अस्तराचं वेगळं सांगतो.

नारळ, हळदकुंकू, खारका, बदाम, तांदूळ सगळं घरून घ्यायचं ठरलं. "गडावर नारळाला काय वाट्टेल ते सांगतात," हे मावशीचं मत. त्यामुळे पिशवीत आधी पाच नारळ गेले, मग साडी, मग दशम्या, ठेचा, पाण्याच्या बाटल्या आणि थर्मास, कारण गडावर चहालाही काय वाट्टेल ते सांगतात. काटकसरीचं वजन असतं आणि ते घरातल्या पुरुषाच्या उजव्या खांद्यावर असतं.

गाडी सीबीएसवरून सुटली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. आमच्या चौघांत आई सत्याहत्तरची, म्हणजे फुकट. बायको आणि मावशी अर्ध्यात. पूर्ण तिकिटाचा माणूस मी एकटा. मागे वळून पाहिलं तर गाडीत असे मोजकेच पुरुष होते आणि त्या सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या होत्या.

आईने आधार कार्ड दिंडोरी नाक्यापासूनच हातात धरलं होतं. कंडक्टरने चेहऱ्याकडे बघितलं आणि कार्ड न बघताच शून्य रुपयांचं तिकीट फाडलं. ही गोष्ट तिला झोंबली. "बघा तरी," ती म्हणाली. "कशाला आजी, दिसतंय की," कंडक्टर म्हणाला. वणी येईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. मावशीचा प्रश्न वेगळाच होता. वय अडुसष्ट. "बाई म्हणून अर्धं माफ, ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं माफ. मग माझं उरलं काय?" गणित बिनचूक होतं. कंडक्टरने पेन कानामागे खोचलं. "मावशी, एकावर एक फ्री साबणावर असतं."

नांदुरीपासून घाट लागतो. सप्तशृंगीचा डोंगर समोर आला की गाडीत आपोआप हात जोडले जातात. माझे जोडता आले नाहीत, मांडीवर नारळ होते.

गाडी गडावर जिथे सोडते तिथून देवळापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या. त्या तळेगावच्या उमाबाई दाभाडे यांनी बांधल्या असं सांगतात. ही बाई मराठ्यांच्या सैन्याची सूत्रं हातात घेतलेली. पायरीची उंची ठरवताना त्यांच्या नजरेसमोर घोडदळातली माणसं असणार, बँकेत काउंटरमागे बसणारी नव्हे. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी २०१८ पासून फनिक्युलर ट्रॉली आहे. रुळांवरून तिरकी वर जाते, काही मिनिटांत देवळापाशी. तिकीट चौघांचं काढायला मी खिशात हात घातला.

"तिघींचंच काढ," आई म्हणाली.

"आणि मी?"

"नवस कशाचा होता?"

नवस माझ्या गुडघ्याचा होता. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून तो बसला, तेव्हा आईने डॉक्टरांना आणि देवीला एकाच संध्याकाळी सांगितलं होतं. "गुडघा बरा झालाय ना? मग चढून ये. तिला दिसू दे." मी पिशवीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "ट्रॉलीत गर्दी असते. नारळ तुझ्याकडेच राहू दे."

दुकानदार हाका मारत होते, "चपला इथे ठेवा, फुकट!" त्या फुकटची किंमत पूजेच्या ताटाएवढी असते हे माहीत असल्याने चपलाही पिशवीत गेल्या. चार जोड. देवीला वाहायची साडी आणि मावशीच्या चपला एकाच पिशवीत नकोत म्हणून बायकोने मला दुसरी पिशवी दिली. मग चढताना दोन्ही बाजूंना सारखा तोल राहिला. खानदेशातून कितीतरी दिवस चालत आलेली माणसं "सप्तशृंगी माते की जय" करत माझ्या शेजारून सपासप वर जात होती. एका आजोबांनी थांबून विचारलं, "दुकान टाकायचंय का वर?" एका माकडानेही पिशवीत डोकावून पाहिलं. दशम्या त्याने नेल्या, ठेचा ठेवला.

वर पोचलो तेव्हा तिघी रांगेत गार वाऱ्याला उभ्या होत्या. दर्शन घटकाभराचं, पण डोळ्यांत मावत नाही असं. २०२२ मध्ये शेंदराचे थर काढल्यापासून मूर्तीचं मूळ रूप दिसतं. मान जराशी कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी देवीची स्तुती गात, ती ऐकण्यासाठी म्हणे तिने मान कलती केली. मला त्या क्षणी ती माझा गुडघा बघतेय असं वाटलं. आईने साडी पुजाऱ्यांच्या हाती देऊन विचारलं, "कधी नेसवणार?" बाजूला साड्यांची थप्पी होती. "आईची इच्छा," ते म्हणाले. "अकरा वारच आहे, मोजून घ्या," आई म्हणाली.

मग दानपेटीपाशी आईने माझ्याकडे हात पसरला. नाशिक ते गड, जाऊन येऊन, पूर्ण तिकिटाचे पैसे.

"तुझं तिकीट तर फुकट होतं!"

"ते सरकारनं माफ केलं. देवीनं कुठे केलंय?"

मावशीनेही लगेच आपलं माफ झालेलं अर्धं मागितलं. बायकोने काही मागितलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिचंही टाकलं. म्हणजे सवलतीच्या गाडीने येऊन मी चार पूर्ण तिकिटं भरली होती. तीही आनंदाने, कारण मागे रांग होती आणि लोक बघत होते.

दशम्या गेल्यामुळे जेवण प्रसादालयात झालं. माफक दरात, गरम आणि पोटभर. थर्मासमधल्या चहाला वास लागला होता, तेव्हा चहा टपरीवर घेतला. मावशी म्हणाली होती तसं त्याला काही वाट्टेल ते सांगितलं नाही, आमच्या गल्लीएवढेच पैसे घेतले. नारळाचा भाव मी मुद्दामच विचारला नाही.

परतीच्या गाडीत मावशीने उरलेल्या तीन पीठांचा विषय काढला. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर. एसटी सगळीकडे जाते आणि हिला तर कुठेही फुकट, असं म्हणून तिने आईकडे बोट दाखवलं. मी तात्काळ तुळजापूरला मत दिलं. तिथे देवीकडे पायऱ्या उतरून जातात. चढायच्या येताना, पण तोवर नारळ वाहून झालेले असतात.