कमी चाललेली फेरारी घेऊ नका

सेकंड हँड फेरारीच्या जाहिरातीत सगळ्यात वर काय लिहिलेलं असतं? 'गाडी फारच कमी चाललेली.' माझं मत विचाराल तर आधी तीच गाडी यादीतून काढून टाका.

मी इथे इंग्लंडमध्ये एका ओळखीच्या गॅरेजचे हिशेब बघतो, शनिवारचं काम. बहुतेक इटालियन गाड्याच येतात. त्यातली एकही मला परवडणार नाही, पण बिलं मात्र सगळ्यांची माझ्या हाताखालून जातात. सगळ्यात जाड फाइल फेरारी 360 मोडेनाची. होय, आपल्या सचिनकडे होती तेच मॉडेल. 2002 साली सिल्व्हरस्टोनच्या रेस ट्रॅकवर फॉर्म्युला वनवाल्या शूमाकरने त्याला सुपूर्द केली ती. ब्रॅडमनच्या 29 शतकांची बरोबरी केल्याबद्दल. पुढे एक कोटीच्या वरचं आयात शुल्क, माफी, आरडाओरडा, कोर्ट, आणि शेवटी फियाटने भरलेले पैसे. त्या ड्युटीवर घराघरांत इतका खल झाला, पण ही गाडी पोसायला काय पडतं हे कुणी विचारलंच नाही.

1999 ते 2005 या काळात 360 च्या सगळ्या प्रकारांच्या मिळून सतरा हजारांहून जास्त गाड्या फेरारीच्या मारानेल्लोच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. म्हणजे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. नवी होती तेव्हा इथे एक लाख पौंडांच्या वर होती. आज पन्नास ते ऐंशी हजारांच्या घरात मिळते, आणि इथेच लोक फसतात. गाडीची किंमत अर्ध्यावर आली तरी पार्टची आणि लेबरची किंमत लाखाच्या गाडीचीच राहते. दारात हत्ती झुलवायचा तर तो स्वस्तात मिळाला म्हणून कमी खात नाही.

आता कमी चालण्याचं. या इंजिनात दोन टायमिंग बेल्ट आहेत, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारे रबरी पट्टे. रबर मैलांनी जितकं झिजतं त्यापेक्षा वर्षांनी जास्त कडक होतं, म्हणून बेल्ट तीन वर्षांनी बदलायचा, गाडी शंभर मैल चालली असली तरी. मालक मंडळी 'तीन की पाच' यावर तासन्‌तास भांडतात. भांडू द्या. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आपटतात आणि मग बिल हजारांत नाही, दहा हजारांत येतं. मोडेनात एक सोय चांगली आहे. सीटच्या मागची पत्र्याची झाकणी काढली की बेल्टपर्यंत हात पोचतो, त्यामुळे काम दोन हजार पौंडांच्या आसपास आटोपतं. हिच्या आधीच्या 355 ला त्याच कामासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं आणि आकडा दुपटी-तिपटीवर जातो. 355 चा आवाज जास्त गोड, हे मान्य. पण आवाजाचं बिल वेगळं येतं. (बेल्टची कटकटच नको असेल तर 2004 ची एफ 430 बघा, तिला चेन आहे. तिथे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या, तडकतात, म्हणजे कटकट फक्त जागा बदलते.)

झाकून ठेवलेल्या गाडीचं बाकी सगळंही असंच. बॅटरी चार्जरवर नसेल तर काही आठवड्यांत झोपते. ऑइल सील सुकतात. टायरला नक्षी भरपूर असते, पण बाजूला कोरलेले चार आकडे वाचा. 3412 असेल तर तो 2012 सालच्या 34 व्या आठवड्यात बनलेला आहे. अशा टायरवर चारशे घोड्यांची गाडी पावसात काढणं म्हणजे वेडेपणा.

आणि तो प्रसिद्ध चिकटपणा. डॅशबोर्डवरच्या बटणांना त्या काळात मऊ रबरासारखा थर देत असत. वीस वर्षांनी तो विरघळतो. बोट लावलं की गुळाच्या ढेपेला लावल्यासारखं, बोटाला काळं लागतं आणि बटणावरचं चित्रही पुसलं जातं. काच वर न्यायचं बटण कुठलं, हे अंदाजाने. नवीन बटणं मागवू नका. थर खरवडून पुन्हा रंग देणारे कारागीर आहेत, काही शे पौंडांत काम होतं. मी हे दोष मानतच नाही. उलट विकणाऱ्याने बटणं आधीच चकचकीत करून घेतली असतील तर मला बेल्टच्या बिलाची जास्त काळजी वाटते.

खरा खर्च एफ 1 गिअरबॉक्सचा, म्हणजे स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलायचा तो. क्लचचं पेडल नाही म्हणून लोकांना तो ऑटोमॅटिक वाटतो. आतला क्लच साधाच आहे, फक्त पायाऐवजी हायड्रॉलिक पंप तो दाबतो. ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकलात, चढावर रिव्हर्स घेतलात की प्लेट जळते. चालवणाऱ्याच्या सवयीवर क्लच दहा हजार मैलांत संपतो किंवा तिप्पट टिकतो. बदलायचं म्हटलं की तीन हजार पौंड धरून चाला. कॉम्प्युटर लावून क्लच किती टक्के झिजलाय ते काढता येतं; तो कागद मागितल्याशिवाय सौदा करू नका. नवा क्लच टाकताना सेटिंग नीट केलं नसेल तर तोही आकडा फसवतो, म्हणून सोबत क्लचचं बिलही मागा. पंपाबद्दल एक गंमत सांगतो. ही मॅग्नेटी मरेली या पार्ट बनवणाऱ्या कंपनीची यंत्रणा, तिची सख्खी बहीण अल्फा रोमिओच्या सेलेस्पीड गिअरबॉक्समध्ये आहे. पंप चालेनासा झाला की जाणता मेकॅनिक आधी त्याचा रिले, म्हणजे विजेचा स्विच, तपासतो, स्वस्तातला भाग. न जाणणारा आधी अख्ख्या पंपाचं कोटेशन देतो.

बॉल जॉइंट कुरकुरतात, इंजिन माउंट बसतात, 'स्लो डाउन'चा दिवा सेन्सर बिघडल्यामुळे उगाच लागतो. ही सगळी चिल्लर. प्री-कॅट, म्हणजे इंजिनाला लागून असलेला धूर शुद्ध करणारा डबा, मात्र चिल्लर नव्हे. आतली जाळी भुसभुशीत झाली की तुकडे उलटे इंजिनात ओढले जातात. आणि सुरुवातीच्या गाड्यांमध्ये कॅम व्हेरिएटरचा (व्हॉल्व्हची वेळ बदलणारा भाग) रिकॉल होता, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या; ते काम झाल्याची नोंद फाइलमध्ये हवीच.

भाच्याचा परवा बर्मिंगहॅमहून फोन. "मामा, एकच मालक, अकरा हजार मैल, लाल रंग, लगेच बघायला जाऊ का?" मी विचारलं, "बेल्ट कधी बदलला?" म्हणे जाहिरातीत लिहिलेलं नाही. मी सांगितलं, पंचेचाळीस हजार मैल चाललेली, मॅन्युअल गिअरवाली शोध, चार हातांतून गेलेली चालेल, रंग कसलाही चालेल, पण दरवर्षीचं बिल पाहिजे. आणि गाडीच्या पैशांव्यतिरिक्त दहा हजार पौंड बाजूला ठेव. ते नसतील तर फोन ठेव. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, यातलं अजून काहीही माहीत नाही. कृपया टॅग करू नये.

इनबॉक्समध्ये भारतातून विचारणाऱ्यांना एकदाच सांगतो: तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आपल्याकडे आयातच करता येत नाही. तेव्हा इथली 360 पाठवून द्या म्हणू नका. तिथे आधीच असलेली कुणी विकत असेल तर बिलांचे फोटो पाठवा, शनिवारी बघतो. गाडीचे फोटो नकोत.